कोंडीराम सेटरचं ओके

कारखान्यातले शिफ्ट, मशीन, बोनस हे शब्द कोंडीरामला इंग्रजी वाटतच नसत. इंग्रजी म्हणून त्याला एकच शब्द येत होता, ओके. पण त्या एकावर त्यानं सगळा संसार भागवला.

शब्द भेटला पिंपरीच्या एका कारखान्यात, त्रेसष्ट साली. पत्रा कापणाऱ्या प्रेसवर साचा बसवायचा, पहिला नग काढून मापाला लावायचा आणि मशीनच्या अंगावर खडूनं ओके लिहायचं, हे सेटरचं काम. ते लिहिल्याशिवाय कामगारानं मशीनला हात लावायचा नाही. पुढे शब्द कारखान्यातून घरी आला. कालवणात मीठ बरोबर पडलं की ओके. बायकोचा, शकूचा, ताप उतरला की ओके. फोरमननं झापलं की मान खाली घालून ओके, त्याची पाठ वळली की दात काढून पुन्हा ओके. चुलत्याची माती आटोपून आला तेव्हाही, सगळं नीट पार पडलं या अर्थानं, ओकेच म्हणाला. पुतण्यासाठी मुलगी बघताना भर बैठकीत तोंडून ओके गेलं आणि म्हाताऱ्यांनी डोळे वटारले, पण सोयरीक जमली. शकू म्हणायची, यम न्यायला आला तरी हे ओकेच म्हणतील.

सोनबा त्याच्याच गावचा, चाकणच्या बाजूचा. कोंडीरामनंच शब्द टाकून त्याला प्रेसवर लावलं होतं. प्रेसला दोन बटणं असत. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच मशीन खाली यायचं, म्हणजे हात आत राहू नये. पण अशानं दिवसाचा कोटा कुठला पुरा व्हायला? मग कामगार एका बटणात लाकडाची पाचर ठोकत. बटण दाबलेलं राहायचं आणि एक हात पत्रा सरकवायला मोकळा. पाचरी करायचा कोंडीराम, बाभळीच्या, तासून गुळगुळीत. पाचर ठोकलेली असली तरी मशीनवर तो ओके लिहायचा. फोरमनलाही ठाऊक होतं. चोर चोर मावसभाऊ.

एकाहत्तर साली, सकाळच्या शिफ्टला, सोनबाचा हात आत असताना प्रेस खाली आला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. पहिला धावला कोंडीराम. धावला खरा, पण आधी त्यानं पाचर उपटून खिशात घातली आणि मग सोनबाला धरलं. माणूस कसा आहे ते अशा दोन क्षणांत कळतं, आणि कोंडीरामला स्वतःचं कळलं.

चौकशीत साहेबांनी विचारलं, मशीन कसं होतं? कोंडीराम म्हणाला, ओके होतं. मग हात आत गेला कसा? त्यानंच काहीतरी खटपट केली असेल, कोंडीराम फरशीकडे बघत म्हणाला. समोर सोनबा हाताला पट्टी बांधून बसला होता. त्यानं चकार शब्द काढला नाही. कागदावर कामगाराचा हलगर्जीपणा लागला आणि सोनबाची नोकरी गेली.

त्यानं कासारवाडी स्टेशनजवळ सायकलची टपरी टाकली. ती चुकवायला कोंडीराम रोज लांबचा वळसा घेऊ लागला. खडूनं ओके लिहावंच लागायचं, ते लिहायचा. तोंडून मात्र तो शब्द निघेना. शकूनं कालवण कसं झालंय विचारलं तर बरं आहे म्हणायचा. आपण नीच आहोत, हे त्याला जेवतानाही आठवायचं.

ऐंशी साली कंपनीनं नव्या कामगारांना शिकवायला जुना जाणता सेटर म्हणून त्यालाच उभं केलं. पहिला धडा होता, बटणात पाचर घालू नये. कोंडीराम बटणावर हात ठेवून उभा राहिला आणि त्याला बोलताच येईना. बरं वाटत नाही सांगून तो बाहेर पडला. संध्याकाळी वळसा न घेता तो थेट टपरीवर गेला.

सोनबानं काही न विचारता टपरी बंद केली आणि त्याला घरी नेलं. ओट्यावर बसून कोंडीरामनं सगळं सांगितलं, खिशातल्या पाचरीसकट.

"ठावं हाय," सोनबा म्हणाला. "हात अडकला हुता माजा, डोळं न्हाई."

मग चौकशीत बोलला का नाहीस, असं कोंडीरामनं विचारलं.

"दोघांची नोकरी गेली असती. एकाची तरी राहू दे म्हनलं." सोनबा थांबला. "मला सांगून काय उपेग? हिला सांग."

सोनबाची बायको कस्तुरा चहा घेऊन आली. एवढ्या वर्षांनी भावजींना वाट सापडली म्हणून हसलीही. तुमीच ह्यांना नोकरीला लावलं, ह्यांनीच हातानं घालवली, असं म्हणत तिनं कप पुढं ठेवला. कोंडीरामनं कपाला हात लावला नाही. जे तो सोनबाला बोलला, तेच तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

कस्तुरा खाली बसली. कोंडीराम शिव्यांची वाट बघत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नऊ वर्सं ह्यांना बोलले मी, भावजी," ती म्हणाली. "धांदरट म्हनलं. पोरांम्होरं म्हनलं. त्ये बोल आता मागं कसं घिऊ?"

तिनं कोंडीरामकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि सोनबाच मान खाली घालून बसला होता, जणू काही सगळा गुन्हा त्याचाच होता.