महालक्ष्म्यांच्या उरलेल्या गोळ्या

परवा दुपारी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात बसले होते... माझ्यासाठी नाही, आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मुलीसोबत. काटोलची आहे, एमएस्सी करते, हुशार आहे. तिला विचारूनच लिहितेय, नाव अर्थातच नाही.

सकाळी ती खाली आली आणि दारातच रडायला लागली. पाळी चुकली होती आणि टेस्ट करायची हिंमत होत नव्हती. मग तेव्हाच मेडिकलमधून गोळी का नाही आणलीस, असं मी जरा चिडूनच विचारलं. तर म्हणाली, गोळी घेतली होती...

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कोणती गोळी ते विचारलं. हिने पर्समधून रिकामी स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. पाळी पुढे ढकलायची गोळी होती ती.

आपल्याकडे ही गोळी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. घरी महालक्ष्म्या बसणार असोत की कुणाचं लग्न असो, आईच आणून हातावर ठेवते. मागच्या वर्षीच्या उरलेल्या हिच्या बॅगेत पडून होत्या, त्याच हिने घेतल्या.

"पाळी थांबवते तर बाकीचंबी थांबवत असन, असं वाटलं मले काकू," ती हळूच म्हणाली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. या गोळीने फक्त पाळी लांबते, गर्भ राहायचा तो राहतोच, असं त्यांनी सांगितलं. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी वेगळी असते, चिठ्ठीशिवाय मिळते, आणि संबंधानंतर जितकी लवकर घ्यावी तितकी बरी.

त्या गोळीचं नाव हिने ऐकलं होतं हो. पण ती एकदा घेतली की पुढे मूलच होत नाही, असं मैत्रिणींनी सांगून ठेवलेलं. शिवाय काउंटरवर चार पुरुष उभे असताना मागायची कशी? आणि पाळी आली नाही तेव्हा हिला वाटलं, गोळीनेच लांबली असेल... म्हणून बिचारी वाट बघत बसली.

टेस्ट पॉझिटिव्ह आली. अजून वेळ आहे, गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय कायद्याने तुझा आहे, असं डॉक्टरबाई समजावत होत्या. ती मान हलवत होती, पण काही ऐकत नव्हती.

परत येताना ऑटोत तिच्या आईचा फोन आला. त्या माउलीचा आवाज एवढा मोठा, की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"महालक्ष्म्या जवळ आल्या वं. तुही तारीख मधातच येते का यंदा? गोळ्या चालू करून टाक, सोवळ्यात अडचण नको."

"हो आई," ती म्हणाली. फोन ठेवला आणि माझा हात घट्ट धरला.

पाळीबद्दल मायलेकी इतकं मोकळं बोलल्या... आणि तरी तिला आईला काहीच सांगता आलं नाही. माझ्याही घरी कॉलेजात जाणारी लेक आहे. काल तिच्याशी बोलायला बसले, तर पहिलंच वाक्य सुचेना.