पाहुण्यांसाठी गोड पाणी

माझ्या काकांच्या अंगाला कायम ब्लीचिंग पावडरचा वास यायचा. गावाच्या टाकीत पावडर कालवून टाकायची आणि सकाळ-संध्याकाळ नळाला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. काकू म्हणायची, "यांचे लग्नात घालायचे कपडेसुद्धा दवाखान्यातून आणल्यासारखे वाटतात." अख्खा गाव त्यांच्या पाण्याने भांडी घासायचा आणि प्यायला मात्र ओढ्याकाठच्या विहिरीवर जायचा. विहिरीचं पाणी खरंच गोड होतं. पण तिच्या वरच्या अंगाला गोठे, आणि दर पावसाळ्यात निम्मा गाव पोट धरून दवाखान्यात. काका घसा फोडून सांगायचे, "अरे, नळाचं प्या!" पालथ्या घड्यावर पाणी. "रोज रोज औषध कोण पिणार?" म्हणून लोक हसायचे.

काकांच्या धाकाने आमच्या घरात नळाचंच पाणी होतं. फक्त पाहुणा आला की काकू कळशी घेऊन विहिरीवर जायची. पाहुण्यापुढे वासाचं पाणी ठेवायचं म्हणजे काय शोभा राहिली! काकाही तेव्हा गप्प बसायचे.

ताई, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, वर्षाच्या मुलाला घेऊन माहेरी आली. लेक आता पाहुणी, आणि नातू तर पाहुण्यांचा राजा. काकूने दोघांसाठी विहिरीचं पाणी भरून आणलं. तिसऱ्या दिवशी जुलाबांनी पोराचे डोळे खोल गेले. पोर वाचलं, पण अगदी जिवावर बेतलं होतं. भावोजी उंबऱ्यातच म्हणाले, "या घरचं पाणी माझ्या मुलाच्या ओठाला पुन्हा लागणार नाही."

तेव्हापासून ताई एकटीच यायची, सकाळी येऊन संध्याकाळच्या बसने परत. नातू फोनमध्ये मोठा होत राहिला. काका काकूला एका शब्दाने बोलले नाहीत. "एकदा ओरडा तरी माझ्यावर," ती म्हणायची. नातवाचं छोटं फुलपात्र काका रोज घासून फळीवर पालथं घालायचे. त्याच्यासाठी ते किती झुरतात हे तेवढ्यावरून कळायचं. मी चिडवलं, "कोण पिणार आहे त्यातून? मांजर?" तर म्हणाले, "येईल की."

आणि ते दारोदार फिरू लागले. पाणी संध्याकाळी भरा, वरती नुसतं फडकं बांधा, सकाळी वास उडून जातो. काहींनी ऐकलं, बऱ्याच जणांनी नाकं मुरडली.

यंदा भावोजी कामासाठी बाहेरगावी होते, म्हणून ताई मुलाला घेऊन आली. एका दिवसासाठी, आणि पिशवीत विकतच्या पाण्याच्या बाटल्या. काकांनी बाटल्या पाहिल्या आणि नजर दुसरीकडे वळवली. तेवढ्यात शेजारची म्हातारी डोक्यावर कळशी घेऊन हजर. "नातू आलाय ना, म्हणून खास विहिरीचं आणलंय हो!" कुणाला कधी नाही न म्हणणाऱ्या माझ्या काकूने ती कळशी घेतली आणि म्हातारीच्या डोळ्यांदेखत जास्वंदीच्या मुळाशी रिकामी केली. म्हातारी फणकाऱ्याने निघून गेली. बिचारी मायेनेच आली होती.

दुपारी पोरगा अंगणात खेळून घामाघूम झाला. बाटल्या संपल्या होत्या. "आजोबा, पाणी!"

काका उठले, फुलपात्रापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. त्यांचा हात पुढे होईना. शेवटी ताईने स्वतः फुलपात्र घेऊन हंड्यात बुडवलं.

"आई, याला वास येतोय," पोरगा म्हणाला.

येणारच. गावभर 'पाणी रात्रभर ठेवा' म्हणून सांगत फिरणाऱ्या काकांनी त्या दिवशी सगळं शिळं पाणी ओतून देऊन ताजं भरलं होतं. वास आला म्हणजे पावडर आहे, तेवढाच त्यांच्या जिवाला धीर.

ताईने फुलपात्र नाकाशी नेलं. तिचे डोळे भरून आले. "आजोबांचा वास आहे हा. लहानपणी मला यांनी कडेवर घेतलं की असाच यायचा." अर्धं ती प्यायली, अर्धं त्याला दिलं. त्याने तोंड वेडंवाकडं करत संपवलं आणि खेळायला पळाला.

संध्याकाळी काकूने उगाचच दोन अंथरुणं काढून ठेवली. ताई राहणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. निघताना ताई एक रिकामी बाटली हंड्यातून भरू लागली.

"अगं, बसस्टँडवर मिळेल की विकत," काका म्हणाले.

"वाटेसाठी नाही, बाबा. ह्यांना प्यायला देणार आहे."

काकांनी तिच्या हातातून बाटली घेतली, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि बस येईपर्यंत ती छातीशी धरून उभे राहिले.