दोन शिदोऱ्यांवरचं नैरोबी

अणशीच्या धाकलू कुणब्यानं जन्मात मैल मोजला नव्हता. वाटेत शिदोऱ्या किती सुटतात, तेवढं त्याचं अंतर. लेकीला दोन शिदोऱ्यांपलीकडं धाडायचं नाही, हा त्याचा नेम. आफ्रिकेत रेल्वेचा सुतार असलेला जावई झिलू केशरला न्यायला आला, तेव्हा म्हाताऱ्यानं चौकशी मांडली.

“बोट सोडती ते मोंबासा. तिथनं तुझं नैरोबी किती?”

“सव्वातीनशे मैल, मामा. आगगाडीनं एक दिवस, एक रात्र.”

“म्हंजे दोन शिदोऱ्या. आपल्या सुप्याच्या बाजाराएवढंच की.”

“आणि मधला समुद्र?” बायको बाळीनं टोकलं.

“बोटीवर जेवाण कोण घालतं रं?” धाकलूनं जावयाला विचारलं.

“बोटवालेच.”

“मग समुद्र धरायचा न्हाई,” धाकलूनं निकाल दिला.

केशरनं गाठोडं कालच बांधलं होतं.