भिवाकाका भांडायला शिकले

आमच्या रत्नागिरीकडे ज्याचं गडग्यावरून कुणाशीच भांडण नाही, तो माणूस एक तर भाड्याने राहतो, नाही तर परगावचा असतो. जांभ्या दगडांचं ते कमरेएवढं रचलेलं कुंपण दर उन्हाळ्यात नीट करावं लागतं, आणि नीट करताना ते जरा सरकतं. सरकतं म्हणजे आपोआपच. आपण सरकवलं असं आजवर कुणी कबूल केलेलं नाही. मग दोन्ही बाजूंनी आवाज चढतात, एकमेकांचे पूर्वज निघतात, आणि पाऊस लागला की लावणीच्या घाईत सगळं विसरून माणसं एकमेकांकडे चहाला जातात. असं मोकळेपणाने भांडता येणं हा आमच्याकडे गावात राहण्याचा हक्कच आहे. भिवाकाकांना तो हक्क निवृत्त होईपर्यंत वापरता आला नव्हता.

हातखंब्याहून आत वळलं की आमचं गाव. गावाच्या टोकाला बौद्धवाडी, आणि वाडीतलं पहिलं घर भिवाकाकांचं. त्यांच्या परसाच्या आणि आमच्या आंब्याच्या कलमांच्या मध्ये एक गडगा होता, त्यामुळे मी त्या घरात लहानपणापासून वाढले म्हटलं तरी चालेल. काका वायरमन होते. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की खांबावरून हाक मारली की खालच्या वाडीतली कुत्री उठून बसत. हा आवाज फक्त "मेन बंद करा हो!" एवढ्यापुरताच असे. जमिनीला पाय लागले की काका आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसे बोलत.

लाइट गेली की गाव त्यांच्या नावाने खडे फोडायचं. काका ऐकून घ्यायचे. तारांना लागणाऱ्या आंब्याच्या फांद्या तोडायला ते यायचे, तेव्हा खाली पडलेल्या कैऱ्या गोळा करून ज्याच्या त्याच्या पायरीवर नेऊन ठेवायचे. एक कैरी कधी खिशात गेली नाही. जेवणावळीत दुसऱ्यांदा भात घ्यायचे नाहीत. टपरीवर बसायचे नाहीत. शर्ट पांढरा आणि इस्त्रीचा, खांबावर चढतानासुद्धा.

गावाला फार कौतुक. "भिवा म्हणजे सोनं. त्यांच्यातला वाटतच नाय," असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि आपण केवढं मोठं मन दाखवलं अशा थाटात मान हलवायचे. त्याच आठवड्यात वाडीतला एखादा पोरगा पिऊन आला, की हीच माणसं म्हणायची, "ते तसलेच." आमच्याकडे कामाला असलेला शिवा दर शनिवारी गटारात सापडे, तर त्याला म्हणायचे, "बिचारा शिवा." म्हणजे आमच्यातला पिऊन पडला तर एकटा पडायचा, त्यांच्यातला पडला तर अख्खी वाडी पडायची. चीड येते मला अजून.

काकांना हे चांगलं ठाऊक होतं. येसूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला एकदा सांगितलं. लग्न होऊन त्या घरात आल्या त्याच वर्षी काका त्यांना म्हणाले होते, "येसू, माझ्या हातनं चूक झाली तर ती माझी नसते, वाडीची होते." भरलेला हंडा डोक्यावर घेतलेल्या बाईला जसं इकडंतिकडं बघता येत नाही, तसा हा माणूस आयुष्यभर चालला.

आता आमचे अण्णा. माझे वडील, महिपत. काकांच्या बरोबरीचे, एका शाळेतले. भांडणाशिवाय त्यांना जेवण पचत नसे. काकांच्या परसात त्यांच्या आईने लावलेला एक कापा फणस होता. त्याच्या गऱ्यांची चव अजून जिभेवर आहे. मी शाळेत होते तेव्हा तो फणस गडग्याच्या पलीकडे होता. देवरूखला कॉलेजात गेले तेव्हा तो गडग्यातच होता. आणि बी.ए. झाले त्या वर्षी तो आमच्या बाजूला उभा होता. झाडं चालत नाहीत असं ज्याने पुस्तकात लिहिलंय, तो आमच्या अण्णांना भेटला नव्हता.

वर कहर म्हणजे दर वर्षी पहिला पिकलेला फणस अण्णा मोठ्या प्रेमाने माझ्या हाती काकांकडे पाठवायचे. काका म्हणायचे, "अण्णांना सांग, गरे गोड हायत."

त्या वर्षी काका नुकतेच निवृत्त झाले होते. मी फणस घेऊन गेले, तर येसूकाकूंनी तो पायरीवरच ठेवायला लावला.

"माझ्या सासूच्या झाडाचा फणस आमालाच भेट!" त्या काकांना म्हणाल्या. "त्यांची मानसं सगळी अशीच, एका माळेची."

"मानसं नाय," काका हळूच म्हणाले. "महिपत."

"मंग महिपतला तरी बोला! आवशीनं लावलान झाड. उद्या नातवंडं येतील, त्यांना सांगू काय, शेजाऱ्याकडनं मागून आना म्हनून? तुमाला चांगलं म्हनवून घ्यायचं तर घ्या. मी हा फणस कापणार नाय."

काका पडवीत बसून राहिले. गप्प राहावं तर आईचं झाड कायमचं जातं. बोलावं तर इतकी वर्षं जपलेलं नाव जातं, आणि तेही एकट्याचं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. मी घरी आले आणि अण्णांना काही बोलले नाही, कारण अण्णांना कुणी काही बोलायचं नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि शिवा गडगा रचत होते. काका पलीकडे येऊन उभे राहिले. बनियनवर.

"महिपत, दगड मागं घे."

आयुष्यभर 'महिपतराव' म्हणणारा माणूस! अण्णांनी आधी इकडंतिकडं बघितलं, बोललं कोण म्हणून. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. माझ्या पासाच्या पेढ्यांच्या वेळीही त्यांच्या चेहऱ्यावर एवढा उत्साह नव्हता.

"फणस माझ्या जागेत हाय!"

"जागा चालत आली काय तुझ्याकडं? तुझ्या बापसानं गडगा कुटं घातलान, ते आठव!"

"बापसावर जाऊ नको, भिवा!"

"तू माझ्या झाडावर जातोस, मी तुझ्या बापसावर जातो!"

खांबावरचा तो आवाज पहिल्यांदाच जमिनीवर ऐकू आला. गाव लोटलं. पोरं गडग्यावर चढून बसली. दुपारपर्यंत दोघांनी एकमेकांच्या चार पिढ्या धुवून वाळत घातल्या.  मला भांडणाची भीती वाटली नाही, भांडणं मी पाळण्यापासून ऐकत आले. मला भीती वाटली ती गाव आता काय बोलेल याची.

ते संध्याकाळी समजलं. विठू नावाचा गावातला एक शहाणा आहे. आग लागली की हा तेल घेऊन पोचतो. तो आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येऊन अण्णांच्या शेजारी टेकला. गडग्यापलीकडे काका ढासळलेले दगड गोळा करत होते, ते दिसत असूनही त्याने आवाज काही लहान केला नाही.

"महिपतराव, मनाला लावून घेऊ नका. किती झालं तरी ते तसलेच. इतकी वर्षं दडवून ठेवलान, शेवटी दाखवलानच."

काकांच्या हातातला दगड हातातच राहिला. ज्या वाक्याला हा माणूस चाळीस वर्षं चुकवत आला होता, ते वाक्य शेवटी आलं होतं.

अण्णा सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"कोण ते?"

"ते म्हंजे… हेच. वाडीतले."

"वाडी कुटनं आली मधी?" अण्णा उठलेच. "माझं भांडण भिवाशी हाय. भिवा लबाड, भिवा खोटारडा, भिवाच्या जिभेला हाड नाय, ते मी बोलेन! तुझं नि माझं पाणंदीवरनं वाजलं, तवा मी तुझ्या अख्ख्या भावकीला नावं ठेवली काय? ऊठ. चा मिळणार नाय. ऊठ!"

विठू उठला आणि वहाणा हातात घेऊन गेला.

अण्णा कुणी सुधारलेले गृहस्थ होते असं समजू नका. "ते तसलेच" हे मी त्यांच्याही तोंडून ऐकलेलं आहे. पण भांडण ही त्यांच्या लेखी पवित्र गोष्ट होती, आणि त्यात कुणी तिसऱ्याने भेसळ केलेली त्यांना खपत नसे. समोर उभा राहून अर्धा दिवस आपल्याला पुरून उरलेला गडी त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळाला होता. त्याला असा कुणी वाडीत ढकलून मोकळा झालेला त्यांना कसा चालावा?

काका हातातला दगड ठेवून घरात गेले.

सकाळी अण्णांनी शिवाला घेऊन गडगा उकलला आणि पुन्हा रचला, फणसाच्या अलीकडून. झाड काकांकडे गेलं. मग कमरेवर हात ठेवून अण्णा ओरडले, "खोड तुझं! पण माझ्या बाजूला आलेल्या फांद्यांचे फणस माझे!"

"हात लावून तर बघ!" पलीकडून उत्तर आलं.

पुढची कितीतरी वर्षं दर उन्हाळ्यात हे भांडण रंगायचं. आणि काका बदलले. शर्टाची इस्त्री गेली. टपरीवर बसू लागले. जेवणावळीत तिसऱ्यांदा भात घेऊन वर "आमटी अळणी झालीय" असं वाढणाऱ्याला सांगू लागले. विठूसारखे दोघंचौघं नाकं मुरडायचे, पण काकांच्या चेहऱ्यावर एक तुकतुकी आली होती. ते दिवस आठवले की अजून हसू येतं आणि डोळे भरतात. असे गडगे आता फारसे राहिले नाहीत. गावात जिकडंतिकडं काँक्रीटच्या भिंती झाल्या, आणि भिंतीपलीकडच्याशी काय भांडणार?

गेल्या पौषात अण्णा गेले. काका आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. माझा भाऊ सर्वेश मुंबईला असतो, मनाने चांगला आहे. त्याने काकांचा हात धरून पाहुण्यांना सांगितलं, "हे भिवाकाका. देवमाणूस! यांच्यातले सगळे असे असते ना, तर प्रश्नच नव्हता." मग काकांना म्हणाला, "काका, अण्णांनी उगाच त्रास दिला. त्या फांद्यांचे फणसही तुम्हीच घेत जा."

काकांनी हात जोडले. "नको साहेब, राहू द्या. तुमचेच," ते म्हणाले, त्या जुन्या, आजारी माणसाच्या खोलीतल्या आवाजात. ज्या पोराला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्याला साहेब! 

मी त्यांना गडग्यापर्यंत सोडायला गेले. तिथे ते थांबले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"तुझ्या बापसाएवढा लबाड मी बघितला नाय, ज्ञाने," ते म्हणाले. "पन भांडला तो भिवाशी. वाडीशी नाय."

मी खेडला शाळेत शिकवते. यंदा मे महिन्यात सुट्टीला गावी आले, तर आमच्या बाजूचे फणस पिकून, पडून, फुटून चालले होते. काकांनी एकाला हात लावला नव्हता. पलीकडे ते पडवीत बसले होते, शर्टाच्या कॉलरचं बटण लावून. मला बघून नमस्कार केला.

मी ओढणी कमरेला खोचली आणि गडग्याला जाऊन भिडले.

"भिवाकाका! तुमच्या फणसाचा चिखल आमच्या बागेत झालाय, तो कोण काढणार? इतकी वर्षं वायरमनकी केलीत, फांदी कुठं तोडायची तेवढं कळत नाही? की कळून गप्प बसताय?"

काका बघतच राहिले. मग हळूहळू उठले. वरचं बटण काढलं.

"फांदी तोडायची?" तो आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला असणार. "माझ्या आवशीच्या झाडाची फांदी तोडतेस? मास्तरीण झालीस म्हनून अक्कल आली असं समजू नको!"

"अक्कल तुम्ही शिकवू नका! आधी चिखल काढा!"

"अगो, आधी चा तरी घेवा दोघं," येसूकाकू आतून म्हणाल्या. काका तोवर बाह्या सरसावत गडग्यापाशी पोचले होते.