साहेब येणार म्हणून झाडलेलं खळं

वडील गेले आणि मागोमाग होडीही विकावी लागली. तेव्हापासून आई दुसऱ्यांच्या होडीवरचे बोंबील घ्यायची, खाडीकाठच्या खळ्यावर सुकवायची आणि पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात बसायची. बांबू रोवून दोऱ्या ताणायच्या आणि त्या वलांड्यांवर बोंबील टांगायचे, हाच आमचा संसार. पावसाळ्यात सुकवणं बंद, मग चूल एकवेळ पेटली तरी खूप. तरीही मी शिकले. आमच्या कोळीवाड्यातली पहिली पदवीधर मी, आणि हे मी मान वर करून सांगते. पार्ल्याच्या कॉलेजात पोरी बाकावर माझ्यापासून जरा सरकून बसायच्या. घरी हे मी एकदाच बोलले होते.

ऐंशीच्या दशकात पालिकेनं आमचा किनारा सुधारायचं ठरवलं. भिंत, बाग, फिरायला रस्ता. लोकांच्या हरकतींवर सुनावणी ठेवली होती; त्याआधी पालिकेचे साहेब जागा बघणार होते. त्यांच्याशी बोलायला मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत आले. बघते तर खळं लख्ख मोकळं. एक बांबू उभा नाही. सडा घातलेला, वर रांगोळी!

"आये, वलांड्या कुठं गेल्या?"

"आमी सगल्या बायांनी काढल्या. पावनं येनार, त्यांना काय वास देऊ?"

"अगं, तेच तर दाखवायचं होतं!"

"तुला साहेबांसंगं बोलायचं व्हतं ना, बाय? त्या पोरी सरकायच्या, मंग साहेब नाय सरकनार?"

 तेवढ्यात साहेब आलेच. जागा किती स्वच्छ ठेवलीय म्हणाले, चहा प्यायले. आमचा धंदा इथेच चालतो, हे मी परत परत सांगितलं. ते हसून मान हलवत राहिले.

सुनावणीत पाहणीचा अहवाल वाचला गेला. जागा मोकळी, वापरात नाही.

मी उभी राहिले. "भिंतीनं पाणी अडलं की खाडीच्या तोंडाशी गाळ बसणार. तो दरवर्षी कोण उपसणार? बांधायचा खर्च लिहिलाय, सांभाळायचा कुठाय?"

"मॅडम, पुढचं पुढे बघू."

"साहेब, तुमची बदली होईल. पुढचं आम्हालाच बघायचंय."

यावर मात्र टेबलापलीकडे कुजबुज झाली. एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं नकाशा पुन्हा उलगडला. मग मी खळ्याचा विषय काढला.

"पण आम्ही आलो तेव्हा तिथं काहीच नव्हतं," साहेब म्हणाले. "तुम्हीच तर चहा पाजलात."

मागच्या खुर्चीवरून आई उठली. पदर सारखा करून म्हणाली, "साहेब, त्ये आमी तुमच्यासाठी झारलं व्हतं."

सगळे हसले. साहेबही हसले, आणि त्यांच्या हसण्यात वाईटपणा नव्हता. आईला वाटलं, त्यांना पटलं. तीही हसली. ते हसू मला अजून झोपू देत नाही.

घरी येताना ती म्हणाली, "चांगला मानूस हाय गं." मी हो म्हटलं. खळ्यावर बागेसाठी मातीचे ट्रक आले, त्या दिवशी ती दारातच बसून राहिली.  पुढे ती ओटीवर दोरी बांधून सुकवायची, पण तेवढ्यात धंदा होत नाही. पाटी सुटली.

भिंत खाडीच्या तोंडापर्यंत न्यायचं रद्द झालं. गाळ उपसायचा खर्च पालिकेनं लेखी स्वीकारला. होड्यांची वाट मोकळी राहिली. एवढं आम्ही मिळवलं. खळं मिळालं नाही.