बंबातला पांढरा थर

तुमच्या विजेच्या किटलीच्या तळाशी पांढरं कीट धरतं आणि घासूनही निघत नाही, असं परवा फोनवर कळलं. त्यावरचा उपाय या गोष्टीतच आहे. तुम्ही तो किटलीवर करण्याआधी, मी कशावर केला होता तेवढं वाचा.

लग्न होऊन मी गिरगावात आले तेव्हा नळाचं पाणी पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं मिळे. अंघोळीला वाडीतल्या विहिरीचं. ते इतकं जड, की साबणाला फेस येत नसे. तेच वर्षानुवर्षं तापवून सासूबाईंच्या तांब्याच्या बंबात आतून चुन्यासारखा थर बसला होता. निखारे लाल होत, पाणी कोमटच राही, आणि तोटीतून धार अशी येई, की जणू बंब आपल्यावर उपकार करतो आहे.

अंघोळींचा क्रम ठरलेला. आधी मामंजी, म्हणजे माझे सासरे, मग सासूबाई, मग तुमचे आजोबा, आणि शेवटी मी. मी शाळेत शिकवत असे. मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर नोकरी विसरा.

"आई, बंब चिंचेनं आतून धुऊन काढू या का?" मी एकदा विचारलं.

"माझ्या आईनं दिलाय तो. बाहेरून घासतेस तेवढं पुरे," सासूबाई म्हणाल्या. "बी.ए.ला हाही विषय होता वाटतं?"

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. एका रविवारी सगळं घर चौपाटीवर सभेला गेलं. मी पेपर तपासायचे म्हणून मागे राहिले. वर्षाच्या चिंचेतला भला मोठा गोळा कोळून बंबात ओतला आणि निखारे घातले. न्हाणीघरात साराचा वास सुटला. दुपारभर आत फसफसत होतं, मग खपल्या निघू लागल्या. बंब स्वच्छ धुऊन मी ताजं पाणी भरलं, पुन्हा विस्तव घातला, आणि चर्र असा आवाज आला. बंबाच्या पोटातल्या निखाऱ्यांच्या नळकांड्याला बारीक भोक होतं. इतकी वर्षं ते त्या थरानंच बुजवून ठेवलं होतं.

तेवढ्यात मंडळी परतली. सासूबाई न्हाणीच्या दारात उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, पण घोषणा देऊन घसा पार बसलेला. नुसती हवा आली. मग बोट बंबाकडे, माझ्याकडे आणि शेवटी स्वतःच्या कपाळाकडे.

"ती म्हणते, बंब बिघडला," मामंजींनी अर्थ सांगितला.

सासूबाईंनी नकाराची मान हलवली.

"आई म्हणते, हिनं बिघडवला," तुमचे आजोबा म्हणाले. ते बरोबर निघालं.

बंब तांबटाकडे गेला आणि घरात गार पाण्याच्या अंघोळी सुरू झाल्या. न्हाणीत अख्खं स्तोत्र म्हणणारे मामंजी पहिल्याच श्लोकाला बाहेर येऊ लागले. मी घंटेच्या आधी शाळेत. मुख्याध्यापिकाबाईंनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं.

बंब परत आला की पुन्हा उशीर सुरू, अशी मला मात्र धास्ती होती. तो भोक बुजवणारी झाळ लावून आला, आणि पाणी बघता बघता असं कढलं की शेजारच्या काकू वाफ पाहायला आल्या.

"माझ्या माहेरचं तांबं आहे," सासूबाईंनी त्यांना सांगितलं. आवाज परत आला होता. काकू गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"उद्यापासून पहिली अंघोळ तुझी. त्या झाळेचा मला भरवसा नाही. काय व्हायचं ते तुला होऊ दे."

मी मान खाली घालून "बरं" म्हटलं.