काळी दोनचा भक्त

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं, कारण हसं त्याचं झालं असतं आणि खापर माझ्यावर फुटलं असतं.

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमधला हा कारकून भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळतो आणि तोंडात ज्येष्ठमध धरून बोलतो. स्वतः गाणी रचून गाणारे आमच्याकडचे बुवा हे त्याचं दैवत. दर रविवारी भक्त जमवून तो बुवांच्या जुन्या कॅसेटी ‘नव्या रूपात’ गातो, म्हणजे कीबोर्ड बडवत काळी दोनच्या पट्टीत किंचाळतो. मानेच्या शिरा फुगतात, आवाज फाटतो. वर मलाच ऐकवतो, “काकाजी, बुवाची पट्टी सोडली तं मंग भक्ती कायची?”

बुवांची खरी पट्टी काळी एक होती, एक सूर खालची. त्या कॅसेटींच्या प्रती माझ्या दुकानात निघायच्या आणि मूळ कॅसेट वाजवणारं माझं मशीन जोरात पळायचं, म्हणून प्रतींवर आवाज चढा यायचा. मला ते माहीत होतं.

एका रविवारी म्हातारे बुवा स्वतःच येऊन मागे बसले. कॅसेटवर कधी फोटो नव्हता, त्यामुळे माझ्याशिवाय कोणी ओळखलं नाही. ते आपल्या मूळ सुरात गुणगुणू लागले. कारकुनानं गाणं थांबवलं.

“ओ बुढेबुवा, कायले बेसूर करून राह्यले? आधी कॅसेट ऐका!”

मी चहाच्या कपात पाहत राहिलो.

नंतर बसस्टँडवर सोडायला गेलो, तेव्हा बुवा मला म्हणाले, “बरोबर हाय त्याचं. माहाच गळा उतरला आता.”

मी त्यांना खिडकीची जागा धरून दिली. ते पुन्हा कधी गायले नाहीत, आणि आता ते नाहीतच. ‘बुवा, माफ करा, गळा तुमचा उतरला नाही, मशीन माझं पळत होतं,’ एवढंच त्या दिवशी खिडकीशी सांगायचं होतं. बस सुटली.